बाह्यक मध्यमेंदूला आज्ञा देते की त्याची तयारी घडवते?

सांजवात :

१९६६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जेम्स स्प्रेग यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात मांजरांवरील एका प्रयोगाची हकिकत प्रसिद्ध केली. मेंदूच्या एका बाजूचे दृष्टीशी संबंधित बाह्यक, म्हणजे कॉर्टेक्स (मेंदूचा सर्वांत बाहेरचा थर), काढून टाकले, की विरुद्ध बाजूच्या अर्ध्या दृष्टिक्षेत्रातील वस्तूंकडे मांजर वळेनासे होते; त्या बाजूने खाणे पुढे आणले तरी त्याची मान हलत नाही. इथपर्यंत नवल वाटण्यासारखे काही नव्हते. मग स्प्रेग यांनी त्याच मांजराच्या मध्यमेंदूतील, काढलेल्या बाह्यकाच्या पलीकडच्या बाजूचा सुपीरियर कॉलिक्युलस काढला, आणि हरवलेल्या क्षेत्राकडे वळण्याची क्षमता बऱ्याच अंशी परत आली. दोन्ही कॉलिक्युलसना जोडणारा तंतूंचा पट्टा नुसता कापला तरी तसाच परिणाम दिसला. दुसऱ्या इजेने पहिल्या इजेचे लक्षण ओसरावे, ही गोष्ट मला या विषयातली सर्वांत विचार करायला लावणारी वाटते, म्हणून धाग्याची सुरुवात तिच्यापासून करत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. मध्यमेंदूच्या छतावर चार उंचवटे असतात. वरच्या जोडीला सुपीरियर आणि खालच्या जोडीला इन्फीरियर कॉलिक्युलस म्हणतात. वरच्या जोडीच्या पृष्ठभागाजवळच्या स्तरांत दृष्टिपटलाकडून थेट तंतू येतात आणि तिथे समोरच्या दृश्याचा नकाशा मांडलेला असतो. खोलवरच्या स्तरांत स्पर्श आणि ध्वनी यांचे संदेश येतात, आणि तिथूनच डोळे, मान व धड वळवणारे तंतू मेंदूच्या खोडाकडे आणि मेरुरज्जूच्या मानेतील भागाकडे जातात. १९७५ साली ड्रेगर आणि ह्यूबेल यांनी उंदराच्या कॉलिक्युलसमध्ये दाखवले, की वरच्या स्तरात ज्या जागी दृश्याचा एखादा तुकडा येतो, त्याच्या खालीच, त्या दिशेला असलेल्या मिशांचा स्पर्श आणि त्या दिशेचा आवाज यांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी सापडतात. म्हणजे तीन इंद्रियांचे नकाशे एकाखाली एक जुळवून ठेवलेले असतात. दृष्टी, स्पर्श आणि हालचाल यांची जुळणी करणारी इतकी परिपूर्ण व्यवस्था जर मध्यमेंदूत आधीच आहे, तर बाह्यकाकडून इतके तंतू तिथे कशासाठी उतरतात?

हे तंतू बाह्यकाच्या सहा स्तरांपैकी पाचव्या स्तरातील मोठ्या पिरॅमिडी पेशींचे असतात. प्राथमिक दृष्टिबाह्यकाचे तंतू मुख्यतः कॉलिक्युलसच्या वरच्या स्तरांत संपतात, तर स्पर्शाच्या, कारक आणि ललाट भागातील बाह्यकाचे तंतू मधल्या व खोल स्तरांत जातात. पाचव्या स्तरातील या पेशींचा अक्षतंतू वाटेत अनेकदा फांद्या फोडतो, त्यामुळे एकच पेशी थॅलॅमस (बाह्यकाकडे संदेश पोहोचवणारे मेंदूच्या आतील केंद्र), मध्यमेंदू आणि पॉन्स (मध्यमेंदूखालचा खोडाचा भाग) यांना एकाच वेळी संदेश देऊ शकते. शर्मन आणि गिलरी यांनी याच रचनेवरून असा विचार मांडला, की थॅलॅमसमार्गे बाह्यकाच्या पुढच्या भागाला मिळणारी बातमी ही पुष्कळदा हालचालीच्या केंद्रांना गेलेल्या संदेशाचीच प्रत असते. हा विचार मान्य केला तर निव्वळ संवेदी म्हणता येईल असे बाह्यक फारसे उरतच नाही.

माझे मत असे आहे, की संवेदी बाह्यक मध्यमेंदूला ‘हे कर’ असे सांगत नाही. ते त्याचा उंबरठा वरखाली करते, दोन बाजूंमधला तोल राखते आणि अनुभवानुसार त्याला शिकवते. स्प्रेग यांच्या मांजरात काढलेल्या बाह्यकाच्या बाजूचा कॉलिक्युलस शाबूतच होता. बाह्यकाकडून मिळणारे उत्तेजन गेल्यामुळे तो पलीकडून येणाऱ्या निरोधाखाली दबला होता, आणि तो निरोध दूर होताच पुन्हा काम करू लागला. पुढे १९८९-९० च्या सुमारास याच गटाने दाखवले, की हा निरोध मोठ्या प्रमाणात पलीकडच्या सबस्टान्शिया नायग्रातून (मध्यमेंदूतलेच एक केंद्र) मध्यरेषा ओलांडून येणाऱ्या तंतूंचा असतो. जाणकारांनी आपले म्हणणे मांडावे, मतभेदही निःसंकोच सांगावेत.

डोंगरवाट :

विषय आवडला. एक शंका आहे. उंदराच्या दृष्टिपटलातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या गँग्लियन पेशींपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के पेशींचे तंतू सुपीरियर कॉलिक्युलसपर्यंत पोहोचतात, तर माकडात हे प्रमाण साधारण १० टक्के असते. इतका फरक असताना ‘सस्तन प्राण्यांचा मध्यमेंदू’ असे एकत्र बोलणे कितपत योग्य आहे? मांजरावरचा निष्कर्ष उंदराला आणि उंदरावरचा माणसाला लावताना नेमके काय टिकते आणि काय गळून पडते?

अनुस्वार :

डोंगरवाट, तुमच्या शंकेला प्रयोगांतूनच उत्तर मिळते, आणि ते प्राण्यागणिक वेगळे आहे. १९६९ मध्ये विकेलग्रेन आणि स्टर्लिंग यांनी मांजराचे दृष्टिबाह्यक काढून किंवा थंड करून निष्क्रिय केले, तेव्हा कॉलिक्युलसमधील पेशींचे दोन गुण गेले. एका ठरावीक दिशेने सरकणाऱ्या वस्तूला अधिक प्रतिसाद देणे थांबले आणि दोन्ही डोळ्यांना सारखा प्रतिसाद देणेही थांबले. म्हणजे मांजरात हे गुण बाह्यकाकडून उसने घेतलेले असतात. उंदरात मात्र दिशेची निवड दृष्टिपटलातच तयार होऊन कॉलिक्युलसमध्ये येते, हे २०१७ मध्ये दाखवले गेले. दोन्ही प्राण्यांच्या पेशी एकच काम करताना दिसतात, पण त्या कामाचा उगम वेगळा आहे.

माकडाचे उदाहरण आणखी बोलके आहे. शिलर आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये माकडाचे दृष्टिबाह्यक थंड केले असता कॉलिक्युलसच्या वरच्या स्तरातील पेशी पूर्वीप्रमाणेच प्रकाशाला प्रतिसाद देत राहिल्या, पण खालच्या स्तरांतील पेशींचा दृष्टीला मिळणारा प्रतिसाद बंद पडला. दृष्टिपटलाकडून वरच्या स्तराला मिळणारी माहिती केवळ आतल्या जोडण्यांनी खाली झिरपेल, अशी साधी अपेक्षा असते. माकडात ती वाट बाह्यकाच्या मदतीशिवाय चालत नाही. त्यामुळे सांजवात यांच्या ‘तयारी घडवणे’ या कल्पनेत मी एवढी भर घालेन, की प्राण्यात बाह्यकाचा वाटा जसा वाढत जातो तशी ही तयारी हळूहळू पूर्वअट बनते. उंदरात बाह्यकाशिवाय जे मंदपणे चालते, ते माकडात थांबते.

सांजवात :

अनुस्वार, माकडाच्या प्रयोगाचा मुद्दा पूर्ण पटला. उंदराच्या बाबतीत ‘मंदपणे चालते’ हे किती अचूक आहे, ते डोक्यावरून झेपावणाऱ्या सावलीच्या प्रयोगांत दिसते. २०१३ मध्ये यिल्माझ आणि माइस्टर यांनी दाखवले, की वरच्या पडद्यावर झपाट्याने मोठी होणारी काळी तबकडी दिसताच उंदीर आडोशाला धावतो किंवा जागीच गोठतो, आणि यासाठी त्याला काहीही शिकवावे लागत नाही. पुढच्याच वर्षी झाओ, लिऊ आणि कांग यांनी जाग्या उंदरांत दृष्टिबाह्यक शांत केले, तेव्हा अशा वाढत्या आकृतीला कॉलिक्युलसमधील पेशींचा प्रतिसाद कमी झाला, परंतु कोणत्या आकृतीला प्रतिसाद द्यायचा याची त्यांची निवड बदलली नाही. बाह्यक आवाज वाढवते, शब्द बदलत नाही. २०१५ मधील लियांग आणि सहकाऱ्यांच्या कामात तर दृष्टिबाह्यकाच्या पाचव्या स्तरातून कॉलिक्युलसला जाणारे तंतूच उद्दीपित केल्यावर चालता उंदीर थबकतो, आणि ते तंतू शांत केले तर प्रकाशाच्या झोताने येणारे थबकणे कमी होते, असे दिसले.

जागेचा मुद्दाही इथे महत्त्वाचा आहे. कॉलिक्युलसचा मध्यरेषेजवळचा भाग आकाशाकडचे दृश्य घेतो आणि तो पळणे-गोठणे यांच्याशी जोडलेला आहे. बाहेरचा भाग जमिनीकडचे दृश्य आणि मिशा यांच्याशी जोडलेला असून भक्ष्याकडे वळण्यासाठी वापरला जातो. डीन, रेडग्रेव्ह आणि वेस्टबी यांनी १९८९ मध्येच ही विभागणी स्पष्ट केली होती. २०२१ मध्ये उंदराच्या मेंदूतील जोडण्यांच्या मोठ्या नकाशावरून, बाह्यकाचे तंतू कुठे उतरतात या एका निकषावर कॉलिक्युलसचे चार पट्टे पाडता येतात असे दाखवले गेले. बाह्यकाच्या वेगवेगळ्या प्रदेशांनी मध्यमेंदूतील वेगवेगळ्या वर्तनांशी आधीच नाते जोडलेले आहे, असा मी त्याचा अर्थ लावतो.

पायवाट :

इथवर सगळी चर्चा दृष्टीची झाली. इन्फीरियर कॉलिक्युलसचा उल्लेख आल्याशिवाय हा धागा अपुरा राहील, कारण ‘बाह्यक मध्यमेंदूला शिकवते’ या विधानाचा सर्वांत स्वच्छ पुरावा श्रवणाच्या मार्गातच मिळतो, असे मला वाटते.

कानापासून निघणारे जवळजवळ सगळे श्रवणमार्ग वर जाताना इन्फीरियर कॉलिक्युलसमधून जातात, आणि श्रवणबाह्यकाच्या पाचव्या स्तरातून उलट दिशेने दाट तंतू तिथेच उतरतात. ते मध्यवर्ती गाभ्यापेक्षा भोवतीच्या आवरणासारख्या भागांत अधिक संपतात. २०१० मध्ये ऑक्सफर्डमधील व्हिक्टोरिया बाहो, अँड्र्यू किंग आणि सहकाऱ्यांनी फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यातील नेमके हेच उतरते तंतू देणाऱ्या पेशी नष्ट केल्या आणि बाकीचे बाह्यक तसेच ठेवले. आवाज कुठून येतो हे ओळखण्याची फेरेटची क्षमता त्यामुळे बिघडली नाही. नंतर त्यांच्या एका कानात बोळा घातला. सामान्य फेरेट अशा अडचणीत काही दिवसांच्या सरावाने नव्याने दिशा ओळखायला शिकतो. हे तंतू नसलेले फेरेट मात्र शिकू शकले नाहीत. रोजचे काम मध्यमेंदू स्वतः करू शकतो, पण परिस्थिती पालटली की त्याच्या नकाशात दुरुस्ती करण्यासाठी बाह्यकाकडून उतरणारी ही वाट लागते. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण एखादी जोडणी तोडल्यावर ‘काहीच बिघडले नाही’ असे दिसले तर ती निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढायची घाई आपण किती सहज करतो, हे त्यातून लक्षात येते.

मांजराच्या सुपीरियर कॉलिक्युलसमध्येही याला समांतर गोष्ट आहे. मेरेडिथ आणि स्टाइन यांनी १९८३ मध्ये दाखवले, की एकाच जागेवरून एकाच वेळी आलेला मंद प्रकाश आणि मंद आवाज यांना तिथली पेशी एकत्र मिळून जो प्रतिसाद देते, तो दोन्ही स्वतंत्र प्रतिसादांच्या बेरजेपेक्षाही मोठा असू शकतो. संकेत जितके क्षीण तितका हा फायदा जास्त. पुढे बाह्यकातील अँटीरियर एक्टोसिल्व्हियन भाग थंड केल्यावर, त्याच पेशी प्रकाशाला आणि आवाजाला वेगवेगळा प्रतिसाद देत राहिल्या, पण एकत्र आल्यावर होणारी वाढ नाहीशी झाली. नवजात पिल्लांत ही वाढ नसते, ती काही आठवड्यांनी हळूहळू येते, आणि अंधारात वाढवलेल्या मांजरांत दृष्टी व श्रवण यांची ही सांगड नीट बसत नाही.

कातळ :

मी मूळ प्रतिपादनाशी अर्धाच सहमत आहे. संवेदी बाह्यकाबद्दल ‘आज्ञा नाही, तयारी आहे’ हे म्हणणे ठीक, पण कारक आणि ललाट भागांना तेच लागू करता येणार नाही. माकडाच्या फ्रंटल आय फील्डमध्ये (ललाट बाह्यकातील नजर वळवणारा भाग) अत्यल्प विद्युतप्रवाह सोडला तरी डोळे ठरलेल्या दिशेने झटक्यात वळतात, आणि १९७२ मध्ये रॉबिन्सन यांनी सुपीरियर कॉलिक्युलसमध्ये हेच दाखवले. तिथे डोळ्यांची उडी किती मोठी आणि कोणत्या दिशेला हे प्रवाहाच्या जोरावर फारसे नाही, तर जागेवर ठरते. १९७७ मध्ये शिलर यांनी कॉलिक्युलस काढलेल्या माकडांत बाह्यक उद्दीपित केले. पश्चकपाल भागातून, म्हणजे मागच्या बाजूच्या दृष्टिबाह्यकातून, मिळणाऱ्या डोळ्यांच्या उड्या बंद पडल्या, फ्रंटल आय फील्डमधून मिळणाऱ्या मात्र चालू राहिल्या. म्हणजे दृष्टिबाह्यकाला हालचाल घडवण्यासाठी मध्यमेंदूची वाट घ्यावीच लागते आणि ललाट भागाला खोडापर्यंत स्वतःची वाटही आहे. १९८० मध्ये ट्रू आणि कॉनवे यांच्यासह केलेल्या कामात शिलर यांना दिसले, की दोन्हींपैकी एक काढले तर नजर हलवण्याची क्षमता बरीच टिकते, दोन्ही काढली तर ती जवळपास संपते. हे आज्ञा देणारे दोन समांतर मार्गच आहेत.

हातांच्या बाबतीतही तसेच. लॉरेन्स आणि कायपर्स यांनी १९६८ मध्ये माकडांच्या बाह्यकापासून मेरुरज्जूकडे जाणारा पिरॅमिडी मार्ग दोन्ही बाजूंनी कापला. ती माकडे काही काळाने चालू लागली, चढू लागली, मुठीने वस्तू पकडू लागली. बोटे सुटी सुटी हलवणे तेवढे परत आले नाही. उरलेल्या हालचालींचा मोठा भाग मध्यमेंदूतील रेड न्यूक्लियस आणि खोडातील इतर केंद्रे यांच्या मार्गांवर चालत होता, आणि रेड न्यूक्लियसला कारक बाह्यकाचे तंतू शरीराच्या भागांच्या क्रमाने येतात. माणसात रेड न्यूक्लियसचा मेरुरज्जूकडे तंतू पाठवणारा मोठ्या पेशींचा भाग अगदी लहान उरला आहे, आणि रेड न्यूक्लियसचा बहुतेक भाग इन्फीरियर ऑलिव्ह या खोडातील केंद्रकामार्फत लहान मेंदूशी संवाद करतो, हेही इथे नोंदवतो.

सांजवात :

कातळ, तुम्ही दिलेला १९७७ चा पुरावा माझ्या मांडणीला आवश्यक मर्यादा घालतो आणि ती मी स्वीकारतो: कारक आणि ललाट बाह्यकाजवळ मध्यमेंदूला वळसा घालून जाणारी वाट आहे. तरीही मध्यमेंदू शाबूत असताना नेहमीच्या व्यवहारात काय घडते, हा प्रश्न वेगळा आहे. २००१ मध्ये हेन्स आणि वुर्ट्झ यांनी कॉलिक्युलसमधील एक जागा औषधाने तात्पुरती निष्क्रिय केली, तेव्हा त्याच दिशेची उडी घडवणाऱ्या फ्रंटल आय फील्डच्या जागेतून ती उडी मिळेनाशी झाली. कॉलिक्युलस कायमचा काढून काही काळ गेल्यावर पर्यायी वाट समर्थ होते. आज, या क्षणी, मुख्य वाट कॉलिक्युलसमधूनच जाते, असे या दोन प्रयोगांना एकत्र ठेवल्यावर वाटते.

शिवाय ललाट भागाची आज्ञा पोहोचण्यासाठी आणखी एक अट पूर्ण व्हावी लागते. हिकोसाका आणि वुर्ट्झ यांनी १९८३ मध्ये दाखवल्याप्रमाणे सबस्टान्शिया नायग्राच्या पार्स रेटिक्युलाटा भागातील पेशी सतत, वेगाने स्पंदत राहून कॉलिक्युलसला दाबून ठेवतात, आणि डोळ्यांची उडी होण्याच्या किंचित आधी त्या गप्प होतात. बाह्यक स्ट्रायटम या मेंदूच्या आतील केंद्रामार्फत या पेशींना गप्प करू शकते. म्हणून बाह्यकाचा एक हात कॉलिक्युलसला थेट उत्तेजन देतो आणि दुसरा लांबच्या वाटेने त्याच्यावरचा दाब उचलतो. रात्री पिकाला दारे धरणारा शेतकरी पाटात पाणी निर्माण करत नाही, कोणत्या वाफ्याचे दार कधी उघडायचे आणि कोणते बुजवायचे एवढेच तो ठरवतो. बाह्यकाच्या या दुहेरी कामाचे मला याहून जवळचे वर्णन सुचत नाही. स्प्रेग यांच्या मांजरात नेमके एक दार बुजलेले राहिले होते.

अनुस्वार :

उलट दिशेचाही विचार व्हावा. कॉलिक्युलस बाह्यकाकडून फक्त घेत नाही. २००२ मध्ये सॉमर आणि वुर्ट्झ यांनी कॉलिक्युलसमधून थॅलॅमसच्या मीडिओडॉर्सल केंद्रकामार्गे फ्रंटल आय फील्डला जाणारी वाट शोधली. डोळे आता कुठे वळणार आहेत ही वार्ता त्या वाटेने वर जाते. माकडाला लागोपाठ दोन ठिपके दाखवून ते विझल्यावर दोन उड्या मारायला लावायचे, आणि मीडिओडॉर्सल केंद्रक निष्क्रिय करायचे, असा तो प्रयोग होता. पहिली उडी बरोबर पडली, दुसरी चुकीच्या जागी सरकली, कारण पहिल्या उडीने डोळा कुठे नेऊन ठेवला याची बातमी बाह्यकाला पुरती मिळाली नव्हती.

याहून अस्वस्थ करणारा निष्कर्ष २०१२ मधील झेनॉन आणि क्राउझलिस यांचा आहे. त्यांनी माकडाचा कॉलिक्युलस तात्पुरता निष्क्रिय केला. माकडाला सांगितलेल्या जागेवरील बदल ओळखता येईना, म्हणजे त्याचे अवधान ढळले. पण त्याच वेळी दृष्टिबाह्यकातील एमटी आणि एमएसटी या हालचाल टिपणाऱ्या भागांतील पेशींमध्ये अवधानामुळे होणारी प्रतिसादाची वाढ जशीच्या तशी होती. अवधान बाह्यकातच घडते आणि मध्यमेंदू फक्त डोळे वळवतो, ही समजूत या प्रयोगानंतर टिकत नाही.

डोंगरवाट :

आणि माणसात? जिवंत माणसाच्या मध्यमेंदूत सुई घालता येत नाही, त्यामुळे बाह्यक आणि कॉलिक्युलस यांच्यातील जोडण्यांबद्दल काही थेट कळले आहे का? दुसरे असे, की रुग्णांत या वाटा तुटल्याची लक्षणे कशी दिसतात? पायवाट किंवा अन्य कोणी सांगू शकेल का?

पायवाट :

पहिल्या प्रश्नासाठी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील काम पाहावे. वर्षा श्रीनिवासन आणि देवराजन श्रीधरन यांनी २०१९ मध्ये डिफ्यूजन एमआरआयच्या (तंतूंची दिशा दाखवणारे मेंदूचे चित्रण) साहाय्याने निरोगी माणसांतील कॉलिक्युलस आणि बाह्यक यांच्यातील तंतूंच्या जोडण्यांचे मापन केले आणि त्यांची तुलना अवधानाच्या चाचणीतील कामगिरीशी केली. अशा चाचणीत दोन गोष्टी गणिताने वेगळ्या करता येतात: सूचित जागेवरचा बदल खरोखर अधिक स्पष्टपणे ओळखता येतो का, आणि त्या जागेच्या बाजूने निर्णय देण्याचा कल वाढतो का. जोडणीचे प्रमाण या दुसऱ्या गोष्टीशी, म्हणजे निर्णयाच्या कलाशी, निगडित निघाले, स्पष्टतेशी नाही. वर अनुस्वार यांनी दिलेल्या माकडाच्या प्रयोगाशी हे सुसंगत आहे, कारण तिथेही बाह्यकातील संवेदन सुधारत राहिले आणि निवड बिघडली.

रुग्णांविषयी दोन उदाहरणे देतो. पिनिअल ग्रंथीच्या गाठीने मध्यमेंदूच्या छतावर मागून दाब आला, की रुग्णाला वर पाहता येत नाही आणि बाहुल्या प्रकाशाला नीट आकुंचन पावत नाहीत, पण जवळचे पाहताना आकुंचन पावतात; याला पॅरिनो सिंड्रोम म्हणतात. दुसरा आजार प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी. टोरांटोच्या स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्हस्की यांनी १९६४ मध्ये त्याचे वर्णन केले. यात मध्यमेंदू झिजतो, आणि एमआरआयच्या उभ्या छेदात त्याचा आकार गुंजन पक्ष्याच्या डोक्या-चोचीसारखा दिसू लागतो. रुग्णाच्या डोळ्यांच्या वरखाली होणाऱ्या उड्या आधी मंदावतात, मग खाली पाहणे अशक्य होते. जिना उतरताना पायरी दिसत नाही, ताटातले अन्न दिसत नाही, आणि तोल जाऊन, विशेषतः मागच्या बाजूला, पडण्याचे प्रसंग आजाराच्या सुरुवातीच्या काळातच येतात.

‘खाली पाहा’ असे सांगितले तर अशा रुग्णाचे डोळे हलत नाहीत. पण त्याला समोरच्या वस्तूवर नजर ठेवायला सांगून डॉक्टरांनी त्याचे डोके हळूच मागे झुकवले, तर तेच डोळे खाली सरकतात, कारण कानातील तोलाच्या अवयवाकडून डोळ्यांच्या स्नायूंच्या केंद्रकांना येणारा मार्ग वेगळा असून तो अजून शाबूत असतो. डोळ्यांचे स्नायू, त्यांच्या नसा आणि ती केंद्रके सुस्थितीत आहेत, इच्छा करणारे बाह्यकही पुष्कळ अंशी सुस्थितीत आहे, बिघाड दोघांच्या मधल्या टप्प्यात आहे, हे मज्जारोगतज्ज्ञ रुग्णाशेजारी उभे राहून, कोणत्याही यंत्राशिवाय, या एका तपासणीने ओळखतात.